आवणीचे पाच दिवस

रूपा मेंगाळला कुणी विचारलं, की बाई, नोकरी कशी आहे तुझी, तर ती आधी खुर्चीची गोष्ट सांगते. पगाराचं नंतर. विचारणाऱ्याला वाटतं, हिला प्रश्नच कळला नाही. पण रूपाला प्रश्न बरोबर कळलेला असतो. कळलेलं नसतं ते विचारणाऱ्याला, कारण त्याने जन्मात कधी जिन्यावर बसून डबा खाल्लेला नसतो.

रूपाने अकरा वर्षं खाल्ला. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या वरच्या अंगाला पंधरा-सोळा उंबऱ्यांची ठाकरवाडी आहे, तिथून ती रोज सकाळी चालत उतरायची आणि कुसगावातल्या एका हॉटेलात खोल्या झाडायची. हॉटेल पुढून झकपक. मागे गॅसच्या टाक्या, आणि टाक्यांशेजारी लोखंडी जिना. त्या जिन्याच्या पायऱ्यांवर बायका डबा उघडायच्या. "पाहुण्यांना दिसायचं नाही," एवढा एकच नियम तिथल्या मॅनेजरने त्यांना शिकवला होता, आणि तो त्याने मनापासून शिकवला होता. कामगार बायकांसाठी संडास नव्हता. म्हणून बायका दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. पंचवीस संडास रोज घासायचे आणि स्वतः मात्र संध्याकाळी घर गाठेपर्यंत कळ काढायची, याला काय म्हणावं ते मला तरी सुचत नाही. मजुरी रोजावर, रोख, मॅनेजरच्या मर्जीप्रमाणे. आलात तर रोज, नाही आलात तर राम राम.

मग दोन वर्षांमागे, दिवाळीच्या आधी, डोंगराच्या कुशीत एक मोठं रिसॉर्ट उघडलं आणि वाडीतल्या सहा बायकांबरोबर रूपाही तिथे लागली. पहिल्या दिवशी दुपारी त्यांना कँटीनमध्ये नेलं. रूपाने ताट वाढून घेतलं आणि सवयीने भिंतीला पाठ लावून खाली बसायला लागली.

"मावशी, अहो, खुर्चीवर बसा ना," कुणीतरी म्हणालं.

ती अनघा गायकवाड. हाऊसकीपिंगची सुपरवायझर, लोणावळ्यातलीच मुलगी, वय जेमतेम तीस. रूपा खुर्चीच्या अगदी कडेला टेकली, खुर्ची कुणाची तरी आहे आणि तो आत्ता येईल अशा बेताने. कुणी आलं नाही. त्या दिवशी तिने भात दोनदा घेतला. घरी जाऊन नवऱ्याला, कान्हूला, तिने पहिलं हेच सांगितलं. कान्हू म्हणाला, "पगार किती ते सांग की!" पगारही चांगलाच होता. आधीच्या दीडपटीहून वर, थेट बँकेत, सात तारखेला. वर पीएफ, आठवड्याला सुट्टी, वाडीच्या खालपर्यंत गाडी, आणि ईएसआयचं कार्ड. त्या कार्डावर कान्हूच्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, एक रुपया न देता. पट्टी सुटली तेव्हा कान्हू बायकोकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तू लय म्हातारी झालीस गं." रूपा त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. पण कार्ड मात्र तिने देवाच्या फळीवर ठेवलं, आणि तिथे ते अजून आहे.

मंगळवार तिचा सुट्टीचा वार. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खा वार तिच्या नावावर झाला होता. सोमवारी रात्रीपासूनच ती खुशीत असायची. सुट्टीच्या दिवशी पगार कापत नाहीत हे पहिले दोन महिने तिला खरंच वाटेना. बँकेतून पैसे काढले की ती बोटांवर मंगळवार मोजून बघायची.

असं सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं आणि जून उजाडला. कँटीनच्या फळ्यावर नोटीस लागली. जून ते ऑगस्ट रजा बंद. पावसाळा म्हणजे लोणावळ्याचा हंगाम, धबधबे बघायला अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं येणार, एकही खोली रिकामी राहणार नाही, तेव्हा आठवड्याची सुट्टी सोडून कुणालाही रजा मिळणार नाही. हॉटेलच्या बाजूने बघितलं तर नोटिशीत खोटं काहीच नव्हतं.

पण त्याच दिवसांत मावळात भाताची लावणी असते. वाडीत तिला आवणी म्हणतात. आणि वाडीतली आवणी ही एकेका घराची गोष्ट नाही. तिथे सावड चालते. आज एकाच्या भातखाचरात सगळी वाडी, उद्या दुसऱ्याच्या, परवा तिसऱ्याच्या. प्रत्येक घरातून बाईमाणूस आलंच पाहिजे. पाळीपाळीने सगळ्यांचं रान लावून होतं, आणि कुणी कुणाला मजुरी देत नाही. देणाऱ्याला ते सुचत नाही आणि घेणाऱ्याला ते सोसत नाही. जुन्या हॉटेलात रूपाला याची कधी अडचण आली नव्हती. तिथे लावणी आली की ती पंधरा दिवस जायचीच नाही. रोज बुडायचा, बास. इथे पगारी सुट्टी होती, कार्ड होतं, खुर्ची होती, फक्त नेमके ते दिवस नव्हते.

रूपाने अनघाला विचारलं. अनघा म्हणाली, "मावशी, नोटीस वरून आलीय. माझ्या हातात नाही." तिचा आवाजच सांगत होता की तिला हे म्हणताना बरं वाटत नाहीये. रूपाने पुढे ताणलं नाही.

आणि मग रूपाने ती चूक केली.

एका गुरुवारी धोंडाबाईची पाळी होती. धोंडाबाई म्हणजे वाडीतली सगळ्यात जुनी बाई, पाळ्या ठरवणारी. शब्दाला धार, पण आतून माया. रूपाने हिशेब केला. आपण जाऊ शकत नाही, तर आपल्या बदल्यात मजुराचं एका दिवसाचं जे होतं ते पाठवावं. पैसे आता आहेत, कुणाचं नुकसान नको. तिने पाचशेची नोट कान्हूच्या हाती दिली आणि ड्युटीला गेली. दिवसभर तिला हलकं हलकं वाटत होतं. बाईने आपल्या मते मोठा मोकळा मार्ग काढला होता.

संध्याकाळी धोंडाबाई स्वतः दारात आली. पाय चिखलाने पोटरीपर्यंत भरलेले. तिने नोट ओट्यावर ठेवली, वर एक दगड ठेवला वाऱ्याने उडू नये म्हणून.

"आमी तुजं गडी कदी झालो गं, रूपा?"

"तसं न्हाई आत्याबाई, मला रजाच न्हाई मिळाली, म्हनून..."

"रजा न्हाई मिळाली तर न्हाई मिळाली म्हनायचं. मानूस अडतं, समजतं आमाला. पैकं कशापायी धाडलंस? तुज्या बाळंतपनात मी आठ दिस पानी भरलं. त्याचं किती झालं, सांग."

रूपाला सांगायचं होतं की मी तुम्हाला हिणवलं नाही, मला फक्त पाळी चुकवायची नव्हती. पण ती तोंड उघडायच्या आत धोंडाबाई गेली. पुढच्या दोन दिवसांत पाणवठ्यावर कुणी तिला टाकून बोललं नाही, पण कुणी थांबून बोललंही नाही. वाडीतल्या ज्या इतर बायका रिसॉर्टमध्ये होत्या, त्यांच्या घरी सासवा नाहीतर जावा होत्या, पाळीला त्या जात होत्या. रूपाच्या घरी बाईमाणूस म्हणून तीच. मुलगी छकुली लग्न होऊन कर्जतकडे गेलेली.

तिचं रान सावडीत शेवटचं होतं. सव्वा एकर खाचर, वर्षाचा तांदूळ त्यातच. त्या दिवशी कुणी आलं नाही, तर कान्हूने आणि तिने किती लावायचं? रोपं पिवळी पडायला आठवडा पुरे. पण रूपाला तांदळापेक्षा दुसरीच गोष्ट खात होती. तांदूळ दुकानातही मिळतो. आपल्या बांधावर कुणीच आलं नाही, तर आपण वाडीत राहून वाडीतले उरणार नाही, हे तिला दिसत होतं.

तिने ठरवलं, नोकरी सोडायची. कान्हूला सांगितलं तेव्हा तो डोळे चोळत एवढंच म्हणाला, "तुझा जीव जडलाय त्या नोकरीवर." ते खरंच होतं, म्हणून तिला त्याचा राग आला.

नेमक्या त्याच शनिवारी आकाश फॉर्म घेऊन आला. आकाश म्हणजे ऑफिसातला एचआरचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र, बोलणं इतकं मऊ की ऐकणाऱ्याला झोप यावी. फॉर्मवर कामाबद्दलचे दहा प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच चेहरे, अगदी रडक्यापासून अगदी हसऱ्यापर्यंत. पगारावर समाधानी आहात का, जेवणावर, सुट्टीवर, वरिष्ठांच्या वागणुकीवर. बायकांनी आधी आपापसांत खलबत केलं. हसरा चेहरा केला तर म्हणतील, खूश आहेत, पगार वाढवायला नको. रडका केला तर म्हणतील, खूश नाहीत, काढा यांना. तेव्हा सगळ्यांनी मधल्या चेहऱ्यावर खूण करायची असं ठरलं. सतरा बायकांचे सतरा फॉर्म, सगळीकडे तोच मख्ख चेहरा. आकाश बिचारा पान उलटून उलटून बघत होता.

अठरावा फॉर्म रूपाचा. तिला आता कशाची भीती नव्हती, ती सोडूनच चालली होती. तिने खरं खरं केलं. पगार, अगदी हसरा. जेवण, हसरा. वरिष्ठ, अगदी हसरा, आणि त्यावर पेन दोनदा फिरवलं. सुट्टीपुढे आली तशी तिने रडक्या चेहऱ्यावर इतकी जोरात खूण केली की कागद फाटला.

सोमवारी अनघाने तिला लिननच्या खोलीत बोलावलं. हातात तो फाटका फॉर्म.

"मावशी, हा तुमचाच ना? नाव नाही, पण सगळ्यात तुम्हीच खरं लिहिणार हे मला माहीत होतं."

रूपा चादरींच्या ढिगाकडे बघत बोलली. सावड काय असते, पाचशेची नोट, धोंडाबाईने ठेवलेला दगड, सगळं. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमच्यावानी मानूस मला पुन्यांदा मिळायचं न्हाई. पन मी आता येत न्हाई. माजं चुकलं तर माफ करा."

अनघाने फॉर्मची घडी घातली. मग म्हणाली, "मी माणसं कुठून आणू, मावशी? सेहेचाळीस खोल्या आहेत. एक बाई कमी झाली तरी दुपारी दोनच्या आत खोल्या तयार होत नाहीत."

आणि तेव्हा रूपाच्या डोक्यात आलं ते वाडीतलंच होतं. रिसॉर्टमधल्या पाच बायका लातूरकडच्या, नवऱ्यांबरोबर कुसगावात भाड्याने राहणाऱ्या. त्यांची शेती इथे नव्हती. पण त्यांना दिवाळीत गावी जायचं असायचं, आणि दिवाळीतही रजा बंदच असायची. त्यातली सविता मागच्या भाऊबीजेला बेडशीट बदलताना रडत होती, रूपाने बघितलं होतं.

"सविताला इचारा," रूपा म्हणाली. "आत्ता तिनं माज्या खोल्या कराव्या. दिवाळीला मी तिच्या करीन. पैशाचं काय न्हाई. पाळीला पाळी."

सविताला विचारायचीच खोटी होती. ती लगेच तयार झाली, आणि तिच्याबरोबर दुसऱ्या दोघीही. तरी दिवसाला चार खोल्या उरतच होत्या. रिसॉर्ट चालवणाऱ्या मोठ्या साहेबांनी अनघाला स्पष्ट सांगितलं, की तुमच्या जबाबदारीवर करा, एका जरी पाहुण्याला खोलीसाठी थांबावं लागलं तर उत्तर तुम्ही द्यायचं. अनघाने तसं लिहून सही केली. आणि त्या उरलेल्या चार खोल्या पाच दिवस तिने स्वतः केल्या. सुपरवायझरचा कोट काढून, बाह्या सरसावून, संडाससुद्धा.

हे रूपाला सविताकडून कळलं. पण ते नंतर.

तिला मिळाले ते सावडीचे शेवटचे पाच दिवस. पहिल्या दिवशी ती न बोलावता एका घराच्या खाचरात उतरली, वाकली, आणि रोपांची मूठ हातात घेतली. शेजारच्या बाईने थोडं सरकून तिला जागा दिली. दुपारी भाकरी सोडली तेव्हा धोंडाबाईने आपल्यातलं सुकट तिच्या भाकरीवर टाकलं. बायकांचं बोलणं मग हळूहळू सुरू झालं. रूपाचं कंबरडं मोडलं होतं आणि तिला आनंदाने हुंदका येत होता. चौथ्या दिवसापर्यंत तिच्या चुकीची वाडीत थट्टा होऊ लागली. "रूपे, माजी पाठ दुकतिया, पाचशे दे!" असं कुणी म्हटलं की सगळं रान हसायचं, आणि त्यात रूपाचं हसू सगळ्यात मोठं असायचं. पाचवा दिवस तिचा होता. सकाळी बांधावर उभी राहून ती वाट बघत होती. सगळ्यात आधी धोंडाबाईच आली. मागोमाग अख्खी वाडी. दिवस मावळायच्या आत सव्वा एकर हिरवं झालं.

दिवाळीत रूपाने आणि वाडीच्या बायकांनी लातूरवाल्यांच्या खोल्या केल्या. सविता येताना करंज्या घेऊन आली. मोठ्या साहेबांनीही पुढच्या वर्षीच्या नोटिशीत एक ओळ वाढवली, आपसांत पाळी बदलून रजा घेता येईल. ती ओळ आपल्यामुळे आली हे रूपा कुणाला सांगत नाही, पण फळ्यापाशी थांबून ती ओळ हळूच वाचते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला तेवढं वाचता येतं.

एक पाळी मात्र फिटायची राहिली होती. अनघाची. रूपाने एकदोनदा विषय काढला, तर अनघा हसून म्हणायची, "अहो, ते माझं कामच आहे."

मार्चमध्ये एप्रिलचा तक्ता लागला. चौदा एप्रिल शनिवार-रविवारला जोडून आलेला, हॉटेल भरलेलं. ड्युटीवर पहिलं नाव अनघाचं, तिच्याच अक्षरात. सविता म्हणाली, "मॅडमनी हॉटेलांच्या नोकरीत आल्यापासून एकही जयंती घरी केली नाही. सहा वर्षं झाली. त्यांचे वडील दर वर्षी मिरवणुकीत एकटेच असतात."

रूपा सरळ लिननच्या खोलीत गेली. मागे दहा-बारा बायका.

"मॅडम, चौदा तारखेला तुमी येऊ नका."

"खोल्या तपासणार कोण? चावी कुणाकडे देऊ?"

"माज्याकडं."

अनघाने चावी मुठीत धरली. रूपाने पुढे केलेला हात मागे घेतला नाही. "आवनीला तुमी माजे संडास धुतलं," ती म्हणाली. "मला म्हायती हाय. आता न्हाई म्हनू नका, नायतर मी पाचशे रुपये आनून ठेवीन."

चौदा तारखेला रूपाने सेहेचाळीस खोल्या तपासल्या. आरसे, नळ, उशांचे अभ्रे, पलंगाखाली वाकून वाकून. एका खोलीत साबण ठेवायचा राहिला होता, तिने तो धावत जाऊन ठेवला. दोन वाजायच्या आत सगळ्या खोल्या तयार होत्या. साहेब येऊन बघून गेले आणि काही बोलले नाहीत. साहेब बोलले नाहीत म्हणजे चांगलं, एवढं आता तिला कळतं.

संध्याकाळी सात-साडेसातला तिचा फोन वाजला. नंबर अनघाचा, आवाज म्हाताऱ्या माणसाचा. मागे ढोल-ताशा, नीट ऐकू येईना.

"रूपाताई का? मी हनुमंत गायकवाड. अनघाचा बाप. रेल्वेत होतो, घाटात गँगमन. आम्हाला तरी कुठं सणाला रजा मिळायची! ही लहान असताना मी नसायचो, आणि मी रिटायर झालो तर ही नसायची." ढोल वाजत राहिले. "आज दोघं बरोबर चाललो, ताई. माझा हात धरून चालली पोरगी."

मोठ्या माणसाने आभार मानले की काय म्हणायचं असतं, हे रूपाला कुणी शिकवलं नव्हतं. डोळे मात्र वाहायला लागले, आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"ताई, आहात ना? मी म्हणत होतो, तुमची लावणी कधी असते? माझे पाय अजून खमके आहेत. वाकता येतं. चालेल का मी आलेलो?"

"चालंल म्हंजे काय, आबा!" रूपा म्हणाली. "या की. धोंडाबाईला सांगून तुमची पाळी लावून ठेवते."